मिनिएचरसाठी पहिला एअरब्रश आणि कॉम्प्रेसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा इथून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत २८ मिलिमीटरचे सैनिक रंगवणारे आहेत, १/३५ चे (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे) रणगाडे करणारे आहेत, घरच्या थ्रीडी प्रिंटरवर मावळे छापणारे आहेत, आणि दसरा झाला की किल्ल्यावरची चित्रं रंगवायला घेणारेही आहेत. सगळं क्रमाने वाचायची गरज नाही. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

माझं मत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उत्तरं कुठल्या बाजूने लिहिली आहेत ते कळेल: पहिल्या खरेदीत गनपेक्षा, म्हणजे रंग फवारणाऱ्या एअरब्रशपेक्षा, हवेला, म्हणजे कॉम्प्रेसरला, जास्त महत्त्व द्या. हवा कोरडी आणि एकसारखी मिळाली तर साध्या गननेही सुंदर काम होतं. हवाच धड नसेल तर महागातली गनसुद्धा काही करू शकत नाही.

१. एअरब्रश लागतोच का? आत्तापर्यंत सगळं ब्रशनेच केलंय.

लागतोच असं नाही. डोळे, पगडीच्या चुण्या, तलवारीची मूठ, कमरेचा शेला हे ब्रशचं काम आहे आणि एअरब्रश घेतल्यावरही ते ब्रशचंच राहतं. एअरब्रश तीन ठिकाणी ब्रशच्या फार पुढे जातो. एक, प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) पातळ, एकसारखा थर. दोन, मोठ्या भागावर एका रंगातून दुसऱ्यात जाणारा, सांधा न दिसणारा उतार. तीन, वरून पडणाऱ्या उजेडाचा भास: काळ्या प्रायमरवर फक्त वरच्या बाजूने राखाडी आणि मग थोडा पांढरा मारला की मूर्तीवर छाया-प्रकाश तयार होऊन मिळतो.

महिन्याकाठी एखादी मूर्ती रंगवत असाल तर घाई करू नका. वीस-पंचवीस जणांची तुकडी, घोडदळ किंवा रणगाडे करत असाल तर मात्र घ्याच. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात दमट हवेत कॅनमधला प्रायमर मारला की त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून अनेकांचं काम जून ते सप्टेंबर बंदच असतं. पाण्यावरचा प्रायमर एअरब्रशने मारणाऱ्याला ही अडचण येत नाही, फक्त सुकायला जास्त वेळ द्यावा लागतो.

२. गणपतीच्या कारखान्यात असते ती स्प्रे गन आणि एअरब्रश एकच का?

तत्त्व एकच, माप वेगळं. मोठ्या स्प्रे गनचं नोझल एक मिलिमीटरच्या पुढचं असतं आणि तिला मिनिटाला शंभर लिटरहून जास्त हवा लागते. एअरब्रशचं नोझल ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं असतं आणि हवाही थोडीच लागते. मूर्तीचा अंगरंग मोठ्या गनने मारल्यावर पीतांबराच्या चुण्यांना आणि सोंडेला शेड देण्यासाठी बरेच कारागीर एअरब्रशच हातात घेतात. ओळखीच्या कारखान्यात हे पाहायला मिळालं तर जरूर पाहा. ट्रिगरवरचं बोट किती थोडं हलतं हे तिथे नीट कळतं.

३. सिंगल अ‍ॅक्शन सोपा म्हणतात. मग तोच घेऊ का?

डबल अ‍ॅक्शन घ्या. सिंगलमध्ये ट्रिगर दाबला की हवा आणि रंग दोन्ही एकदम येतात. रंग किती यावा हे मागचा स्क्रू फिरवून आधीच ठरवावं लागतं. डबलमध्ये खाली दाबलं की हवा येते आणि मागे ओढलं की रंग येतो. म्हणजे मारता मारता रंग कमी-जास्त करता येतो, आणि मिनिएचरला नेमकं तेच हवं असतं.

सवय लागायला काही संध्याकाळी पुरतात. पातळ काळा रंग घ्या आणि रद्दीच्या कागदावर ठिपके, सरळ रेषा, जाड सुरू होऊन बारीक संपणाऱ्या रेषा काढत राहा. नियम एकच पक्का करा: हवा आधी सुरू, रंग नंतर, थांबताना रंग आधी बंद, हवा नंतर. हा क्रम चुकला की पुढच्या वेळी दाबताच सुईच्या टोकावर साचलेला थेंब मूर्तीच्या तोंडावर उडतो.

पिस्तुलासारखा ट्रिगर असलेलेही मिळतात. तर्जनी दुखणाऱ्यांना ते बरे पडतात.

४. कप वर असलेला घ्यावा की खाली बाटली लटकणारा?

वर कपाचा. रंग वजनानेच खाली येतो म्हणून दाब कमी चालतो, चार थेंबांतही काम होतं आणि धुणं सोपं. बाटलीचा प्रकार एकच रंग भरपूर मारणाऱ्यांसाठी आहे.

५. नोझल ०.२, ०.३ की ०.५?

पहिल्यासाठी ०.३ ते ०.४ च्या दरम्यानचं. ०.२ घेतलं की केसाइतक्या रेषा येतील असं वाटतं, पण रेषेची जाडी नोझलपेक्षा तुमच्या बोटावर, रंगाच्या पातळपणावर आणि मूर्तीपासूनच्या अंतरावर जास्त ठरते. ०.२ मध्ये रंग जरा जाड राहिला किंवा एक कण आला की अडकलंच. नवशिक्याची निम्मी संध्याकाळ नोझल साफ करण्यात जाते, आणि अशाच वेळी लोक हा नाद सोडून देतात.

अपवाद रणगाडेवाल्यांचा. सैनिक स्कूलमधल्या मुलांचे पालक दर सुट्टीत विचारतात: मुलगा १/३५ चे रणगाडे करतो, त्याला काय द्यावं? त्याला ०.४ किंवा ०.५ द्या. सेंच्युरियन रणगाड्याच्या अख्ख्या अंगावर ०.३ ने हिरवा रंग चढवायला फार वेळ लागतो, आणि कॅमोफ्लाजच्या मऊ कडा ०.४ ने व्यवस्थित येतात.

६. हजार-दीड हजाराची चिनी गन घेऊ का? की सुरुवातच चांगल्या कंपनीने करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहितो.

स्वस्त गनने रंग मारता येतो, अनेकांनी तिच्यावरच हात बसवला आहे. फरक तीन ठिकाणी पडतो. पहिला नोझलचा. बहुतेक स्वस्त गनमध्ये नोझल इवल्याशा आट्यांवर फिरवून बसवायचं असतं. पान्याने जरा जास्त आवळलं की आटे तुटून आतच राहतात. इवाटाच्या एक्लिप्समध्ये किंवा हार्डर अँड स्टीनबेकच्या गनमध्ये नोझल नुसतं जागेवर ठेवायचं आणि पुढची टोपी आवळायची. धुताना धास्ती राहत नाही, आणि धास्ती नसली की माणूस नीट धुतो. दुसरा फरक सीलचा. स्वस्तात साधं रबर असतं. पाण्याच्या रंगाला ते चालतं, पण लॅकर थिनरने फुगतं आणि ट्रिगरखालून गळती सुरू होते. तिसरा सुईचा. टोक एकसारखं घासलेलं नसेल तर फवारा एका बाजूला जातो, आणि नवखा माणूस दोष स्वतःच्या हाताला देत राहतो.

निवडताना एक गोष्ट आधी तपासा: या मॉडेलची सुई आणि नोझल सुटी मिळतात का? सुई वाकणार, नोझल हरवणार, हे प्रत्येकाकडे होतं. सुटा भाग मिळत नसेल तर कितीही मोठ्या नावाची गन असो, शोभेलाच राहील. स्वस्त घ्यायची ठरवलीच तर त्याच दिवशी एक जादा नोझल आणि सुई मागवून ठेवा. पैसे जमत असतील तर नावाजलेल्या कंपनीचं मधलं मॉडेल घ्या. सगळ्यात वरचं पहिल्यांदा घ्यायची काहीच गरज नाही.

७. पैसे ठरलेले आहेत. गनवर जास्त घालू की कॉम्प्रेसरवर?

कॉम्प्रेसरवर. ठरलेल्या रकमेतले निम्म्याहून जास्त टाकीवाल्या कॉम्प्रेसरला द्या. उरलेल्यातून गन, होज (हवेची नळी), मास्क, क्लीनर आणि धुण्याचे बारीक ब्रश आणा. मास्क यादीच्या शेवटी ढकलू नका (प्रश्न १८). गन पुढे बदलता येते आणि जुनी प्रायमरसाठी ठेवता येते. कॉम्प्रेसर एकदा नीट घेतला की वर्षानुवर्षं तोच राहतो.

८. कॉम्प्रेसर नेमका कुठला? टाकी हवीच का?

या कामाला जो सर्रास वापरतात तो एका सिलिंडरचा, विनातेल पिस्टनचा, १/५ किंवा १/६ हॉर्सपॉवरचा असतो. सोबत ३ लिटरची टाकी, रेग्युलेटर (दाब कमी-जास्त करायची चावी), गेज (दाब दाखवणारा काटा) आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारं छोटं भांडं). मिनिटाला वीसेक लिटर हवा देतो. टाकीत ४ बार (बार हे दाबाचं माप) झाले की मोटर आपोआप बंद होते आणि ३ बारच्या आसपास उतरले की पुन्हा सुरू होते. ०.३ च्या गनला ही हवा पुरते.

टाकी घ्याच असं मी आग्रहाने सांगतो. बिनटाकीच्या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टनचा प्रत्येक ठोका होजमधून गनपर्यंत येतो आणि बारीक रेषेत तो थरथरताना दिसतो. शिवाय मोटरला विसावा नसतो, ती तापते, गरम हवा जास्त बाष्प घेऊन पुढे जाते. टाकीत हवा निवते आणि बरंचसं पाणी तिथेच तळाला बसतं.

केकचा किंवा मेकअपचा सेट म्हणून विकले जाणारे छोटे कॉम्प्रेसर दिसायला गोंडस असतात, पण त्यातल्या बऱ्याच कॉम्प्रेसरचा दाब प्रायमरला पुरत नाही. पाटीवर २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं आहे ना, हे घेण्याआधी पाहा.

९. दाब किती ठेवायचा? कुणी १५ सांगतं, कुणी ४०.

बारीक कामाला १२ ते १८ पीएसआय, अंगरंगाला २० ते २५, प्रायमरला २५ ते ३०. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणजे आपलं बहुतेक काम एक ते दोन बारमध्ये होतं. गेज वाचताना ट्रिगर दाबून धरा आणि हवा चालू असतानाचा आकडा बघा. सोडलेल्या ट्रिगरवरचा आकडा नेहमी थोडा जास्त दिसतो, आणि दोन माणसांच्या आकड्यांत फरक पडतो तो बहुधा यामुळेच.

रंगाचे कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटत असतील तर रंग फार पातळ आहे, दाब जास्त आहे किंवा गन फार जवळ आहे. पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत येत असेल तर रंग वाटेतच सुकतोय: जवळ या, दाब उतरवा.

१०. पावसाळा सुरू झाला की गनमधून पाणी उडतं. नवीन गन घेऊ का?

गन बदलू नका, आधी हवा तपासा. कप कोरडा करा आणि आरशावर किंवा काचेवर नुसती हवा मारा. बारीक थेंब दिसले तर ते कॉम्प्रेसरचं पाणी आहे. आरसा कोरडा राहिला आणि रंग घातल्यावरच शिंतोडे उडत असतील तर दोष रंगाचा, सुईच्या टोकावर सुकलेल्या थराचा किंवा नोझलचा आहे. तेव्हा प्रश्न १७ आणि १९ पाहा.

पाणी येतं कसं ते समजलं की उपाय सुचतात. दमट हवा दाबली की तिच्यातलं बाष्पही एका जागी कोंबलं जातं. दाबताना हवा तापते, म्हणून बाष्प तेव्हा हवेतच राहतं. पुढे होजमध्ये ती निवते आणि तिथे पाणी सुटतं, म्हणजे कॉम्प्रेसरवरचा मॉइश्चर ट्रॅप ओलांडून गेल्यावर. म्हणूनच ट्रॅप असूनही थेंब येतात.

उपाय असे. गनच्या दांड्याखाली बसणारा दुसरा छोटा ट्रॅप घ्या. थंड झालेल्या हवेतलं पाणी तो पकडतो. होज तीन मीटर ठेवा, आखूड नको. काम संपल्यावर टाकीच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी आणि उरलेली हवा सोडून द्या. तसं केलं नाही तर टाकी आतून गंजते आणि पुढे गंजाचे कण हवेत येतात. ट्रॅपची खालची पिन अधूनमधून दाबा. कॉम्प्रेसर बाल्कनीत किंवा न्हाणीघराशेजारी न ठेवता घरातल्या कोरड्या खोलीत ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी त्याला थोडं निवू द्या.

हा प्रश्न कुठून येतो यावर उत्तराचं वजन बदलतं. महाबळेश्वर, पाटण, शिराळा या बाजूला पावसाळ्यात दुसरा ट्रॅप लागतोच. माण, खटाव, आटपाडी, जत इथे पाण्याची तक्रार क्वचित येते. तिथली तक्रार उलटी असते: एप्रिल-मेमध्ये रंग सुईच्या टोकावरच सुकतो. त्यांनी रंगात एक-दोन थेंब रिटार्डर (रंग उशिरा सुकवणारं द्रव) घालावा, ओल्या ब्रशने टोक पुसत राहावं आणि काम सकाळी लवकर उरकावं.

११. गाडीच्या टायरचा पंप घरात आहे. नेब्युलायझरही आहे. त्यांच्यावर चालेल का?

टायरचा पंप काही मिनिटं चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. अर्धा तास चालवला तर तापतो आणि हवाही ठोके देत येते. नेब्युलायझरचा दाब कमी पडतो, आणि घरात कुणाला तो औषधासाठी लागत असेल तर त्याला रंगाजवळ आणूच नका.

१२. आमच्याकडे जुना फ्रिज पडून आहे. त्याच्या कॉम्प्रेसरपासून बनवू का? आवाज होत नाही म्हणतात.

आवाज होत नाही हे खरं आहे, आणि फ्रिज दुरुस्त करणारा जाणकार सोबत असेल तर चांगला संच बनतोही. तरी बहुतेकांना मी नको म्हणतो.

नव्या फ्रिजांत आर-६०० ए हा वायू असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेतो. नळी घरी कापू नका, मेकॅनिककडूनच वायू काढून घ्या. दुसरं, हा कॉम्प्रेसर तेलात चालतो आणि तेलाचे बारीक कण हवेबरोबर बाहेर येतात. ते प्रायमरखाली गेले की रंग तिथे धरत नाही, गोल खळगे पडतात. चांगला तेल-पाणी फिल्टर लागतोच. तिसरं, पुढे दाब असताना यातले बरेच कॉम्प्रेसर पुन्हा सुरूच होत नाहीत, गुणगुणत राहून तापतात. त्यासाठी बंद होताना नळीतला दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. वर प्रेशर स्विच, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे तिन्ही लागतातच.

आणि टाकी. जुना गॅस सिलिंडर टाकी म्हणून वापरू नका, कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरीही. तो सिलिंडर मुळात गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, आत वायूचा अंश राहतो, आणि वेल्डिंग केलेल्या ठिकाणी तो किती दाब सोसेल हे कुणी सांगू शकत नाही. या सगळ्याचा हिशोब केला तर तयार कॉम्प्रेसरपेक्षा फार पैसे वाचत नाहीत.

१३. काकांचा गणपतीचा कारखाना आहे. तिथला बेल्टचा मोठा कॉम्प्रेसर एअरब्रशला जोडला तर?

जोडा. मोठ्या टाकीमुळे हवा फार छान, स्थिर मिळते. मात्र तिथला दाब ६-८ बार असतो, तो सरळ एअरब्रशला देऊ नका. आपल्या होजच्या आधी वेगळा रेग्युलेटर, आणि कॉम्प्रेसर तेलाचा असल्याने तेल-पाणी फिल्टर बसवा. श्रावण-भाद्रपदात तिथे जागा आणि वेळ मिळणार नाही हे धरूनच चला.

१४. बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा सेट कसा?

प्रायमर, वार्निश आणि प्रवासासाठी ठीक. त्यात दाब बारीक-बारीक बदलता येत नाही, हवेत ठोके असतात आणि हातात वजन येतं. पहिला आणि एकमेव सेट म्हणून घेऊ नका.

१५. फ्लॅटमध्ये राहतो, रात्रीच वेळ मिळतो. शेजाऱ्यांना त्रास होईल?

प्रश्न ८ मधला छोटा पिस्टन कॉम्प्रेसर दार लावलं तर शेजारी ऐकू जात नाही. त्रास होतो तो फरशीतून जाणाऱ्या कंपनाचा, म्हणून खाली जाड रबराची मॅट घाला.

गॅरेजवाल्यांचा विनातेल, थेट मोटरचा २४ लिटरचा कॉम्प्रेसर मात्र रात्री लावण्यासारखा नाही. तो घरात असलाच तर युक्ती आहे: संध्याकाळी ८ बारपर्यंत भरून बंद करा. ८ वरून १.२ बारपर्यंत उतरताना २४ लिटरच्या टाकीतून सुमारे १६० लिटर हवा मिळते. ०.३ च्या गनला मिनिटाला आठ-दहा लिटर धरले तर पंधरा मिनिटांहून जास्त सलग फवारणी होते. थांबून-थांबून काम केलं तर तासभरही निघतो, तोही मोटरच्या आवाजाशिवाय.

१६. लाईट गेली की काय? इन्व्हर्टरवर चालेल?

मोटर साधारण दीडशे वॉटची, पण सुरू होताना क्षणभर कित्येक पट जास्त करंट ओढते. प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर असेल आणि त्यावर दुसरा मोठा भार नसेल तर चालते. स्क्वेअरवेव्हवर ती गुणगुणते आणि तापते, तिथे लावू नका. ३ लिटरच्या भरलेल्या टाकीत कामाची हवा आठ लिटरच्या आसपास, म्हणजे मिनिटभराची. लाईट गेल्याबरोबर हातातला भाग पुरा करत बसू नका. ती हवा गन धुण्यासाठी वापरा. कपात रंग सुकला तर त्याचा त्रास जास्त.

१७. रंग कुठले? आणि पाण्याने पातळ केले तर चालतं ना?

सुरुवातीला व्हालेहोच्या मॉडेल एअरसारखे एअरब्रशसाठीच पातळ केलेले पाण्यावरचे रंग घ्या. बाकीचे रंग साय काढलेल्या दुधाइतके पातळ करा. कपाच्या भिंतीवर ओढलेला थेंब खाली सरकून मागे पारदर्शक पडदा सोडतो, तेव्हा बरोबर. नुसत्या पाण्याने रंग थेंब धरतो आणि कडेला पळतो, म्हणून त्याच कंपनीचा थिनर वापरा.

तामियाचे अ‍ॅक्रिलिक वेगळे आहेत. ते अल्कोहोलवर आहेत, त्यांना एक्स-२०ए किंवा लॅकर थिनर लागतो. व्हालेहोत अल्कोहोल पडलं की त्याची जेली होते आणि ती नोझलमध्ये जाऊन बसते. म्हणून दोन्ही वापरत असाल तर मधे गन पूर्ण धुवा.

स्टेशनरीच्या दुकानातले ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक जाड असतात. पातळ करून, जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून ०.५ मधून जातात, ०.३ मधून रडवतात. गाड्यांचा एनसी थिनर प्लॅस्टिकच्या मॉडेलवर मारू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

१८. घरात लहान बाळ आहे. पाण्याचे रंग असले तरी मास्क हवाच का?

हवाच. डब्यावर बिनविषारी लिहिलेलं असतं ते ब्रशच्या वापराला धरून. फवाऱ्याचे कण इतके बारीक असतात की थेट फुफ्फुसात उतरतात. पाण्याच्या रंगाला नीट बसणारा एन-९५ पुरतो. लॅकर, तामिया किंवा एनसी थिनर असेल तर एन-९५ चा उपयोग नाही, वाफ त्यातून आरपार जाते; तिथे ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतो.

खिडकीत एक्झॉस्ट लावून समोर पुठ्ठ्याचं खोकं उघड्या तोंडाने ठेवलं तरी बराच धूर बाहेर जातो. लॅकर मारताना साध्या एक्झॉस्टच्या मोटरची ठिणगी आणि शेजारचा गॅस या दोन्हींचा धोका आहे, त्यामुळे घरात बाळ असेल तर लॅकर हा विषयच पुढे ढकला. ज्या खोलीत बाळ झोपतं तिथे पाण्याचे रंगही मारू नका.

१९. प्रत्येक रंगानंतर गन खोलायची का? आणि कपात बुडबुडे येतात ते का?

रंग बदलताना कप रिकामा करा, पाणी मारा, मग दोन-चार थेंब क्लीनर, संपलं. दिवस संपताना मात्र सुई मागून काढा आणि मागून टोकाकडे पुसा. टोकाकडून मागे पुसलं तर कापूस अडकून टोक वाकतं. नोझल बारीक ब्रशने आतून साफ करा आणि बसवताना बोटाने बसेल तितकंच बसवून पान्याने जेमतेम टेकवा. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, सील जातात.

बुडबुडे म्हणजे हवा नोझलच्या बाजूने मागे कपात येतेय. पुढची टोपी सैल असेल, नोझल नीट बसलं नसेल, अडकलं असेल किंवा त्याला चीर गेली असेल. याच क्रमाने पाहा.

२०. होज कॉम्प्रेसरला बसत नाही. परत पाठवू का?

थांबा. बहुतेक एअरब्रशना १/८ इंच बीएसपी मापाचे आटे असतात आणि कारखान्यातल्या कॉम्प्रेसरना १/४. पितळी रिड्यूसर कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीजवळच्या न्यूमॅटिक फिटिंगच्या दुकानात मागा. गन आणि होज सोबत न्या, म्हणजे तिथेच लावून पाहता येतं. बॅजर आणि पाशे यांचे आटे वेगळे असतात, त्यांचं अ‍ॅडॅप्टर मात्र मागवावं लागतं. धातूच्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळा. आत रबरी रिंग असेल तिथे टेप नको. शेवटी साबणाचं पाणी लावून गळती पाहा.

२१. किल्ल्यावरची मातीची चित्रं आणि रेझिन प्रिंट, दोन्हींवर तोच प्रायमर चालतो का?

चालतो, तयारी वेगळी. माती आणि प्लॅस्टर रंग शोषून घेतात. आधी ब्रशने पाण्यात सैल केलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या, पूर्ण सुकू द्या, मग प्रायमर. फेव्हिकॉल गनमध्ये घालू नका. रेझिन प्रिंट अल्कोहोलने धुऊन, यूव्हीखाली पूर्ण पक्का करून घ्या. चिकटपणा राहिला असेल तर त्यावर मारलेला प्रायमर सालपटासारखा निघतो.

२२. जुना सेट मिळतोय. बघताना काय पाहू?

गनची सुई काढून नखावर हळू ओढा. टोक वाकलं असेल तर ओरखडा लागतो. नोझलचं तोंड भिंगातून पाहा. कॉम्प्रेसर रिकाम्यापासून ४ बारपर्यंत भरू द्या, मोटर थांबली की दहा मिनिटं गप्प बसा आणि गेज पाहा. काटा भराभर उतरत असेल तर गळती आहे. मग टाकीचा तळाचा स्क्रू उघडायला सांगा. तांबूस पाणी आलं तर टाकी आतून गंजली आहे, तो कॉम्प्रेसर सोडा, किंमत कितीही पाडून दिली तरी.

२३. भाऊ अमेरिकेतून दिवाळीला येतोय. तिकडून आणायला सांगू?

गन जरूर सांगा, कॉम्प्रेसर नको. तिकडची मोटर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ मात्र आपल्याकडचे ५०च राहतात आणि मोटर नीट चालत नाही. लॅकर, थिनर आणि स्प्रे कॅन विमानात नेऊ देत नाहीत. सगळ्यात उपयोगाच्या वस्तू मुठीत मावतात: जादा सुई, नोझल, सीलचा संच. मागवताना मॉडेलचं पूर्ण नाव आणि माप लिहून द्या, कारण एका कंपनीचं ०.३ चं नोझल दुसऱ्या कंपनीच्या गनला बसत नाही.